गरम गाडीचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो: हेडर लावलेल्या जुन्या व्ही-८ वाल्यांसाठी

सकाळी गॅरेजमधून काढताना अर्ध्या चावीत चालू होते. चाळीस मिनिटं हायवेवर पळवली, पेट्रोल भरायला थांबलो, पैसे देऊन आलो, चावी फिरवली आणि खालून एकच ‘टक्’. परत फिरवली, परत ‘टक्’. दिवे झकास, हॉर्न खणखणीत, इंजिन ढिम्म. बॉनेट उघडून तासभर उन्हात उभे राहा, काहीच करू नका, मग अशी चालू होते जणू काही झालंच नव्हतं.

माझी १९७१ ची शेव्हरोलेची (म्हणजे शेव्हीची) शेव्हेल मालिबू आहे, ३५० घन इंचांचं व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक. आम्ही डॅलसच्या बाजूला राहतो, म्हणजे उन्हाळ्यात चाळीस डिग्री हे काही कौतुक नाही. आधीच्या मालकाने इंजिनातला धूर बाहेर नेणारे कारखान्यातले बिडाचे मॅनिफोल्ड काढून त्यांच्या जागी लांब नळ्यांचे हेडर बसवलेले. आवाज काय सुंदर येतो विचारू नका, पण सेल्फचं दुखणं त्याच्याबरोबरच आलं. कहर झाला तो गणपतीच्या आदल्या दिवशी, मूर्ती आणायला हौसेने मालिबू काढली आणि परत येताना फुलं घ्यायला थांबलो तर गाडी बसली. बाप्पा मागच्या सीटवर बेल्ट लावून, बायको ओढणीने त्यांना वारा घालतेय, मी बॉनेटखाली, आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे धक्का मारूनही उपयोग नाही. तेव्हापासून माझ्या आणि मित्रांच्या मिळून पाच-सहा गाड्यांचं हेच दुखणं निस्तरलंय, म्हणून सगळं एकदा लिहून टाकतो.

आधी एकच सांगतो, सेल्फ विकत घ्यायला पळू नका. मी लागोपाठ तीन बदलले, तिन्ही चांगले होते.

आवाज नीट ऐका

निम्मं निदान इथेच होतं. चावी फिरवल्यावर काय होतं ते शांतपणे ऐका, बाजूला कोणी ‘बॅटरी गेली रे’ म्हणत असेल तर त्याला लांब पाठवा.

एकच ठोस ‘टक्’ आणि मग शांतता: सोलेनॉइड (चावी फिरवली की सेल्फच्या मोटरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय पण पूर्ण नाही, नाहीतर ओढला जाऊनही आतले कॉन्टॅक्ट करंट देत नाहीत. ‘टकटकटकटक’ असं मशीनगनसारखं वाजलं तर व्होल्टेज कोसळतंय, बहुतेक बॅटरी नाहीतर टर्मिनल. काहीच आवाज नाही तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंत करंट पोचतच नाहीये. इंजिन फिरतंय पण ‘उंऽऽ उंऽऽ’ करत अडखळतंय, मधेच उलटा झटका दिल्यासारखं होतंय, तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किंवा बॅटरीपासून सेल्फला जाणारी जाड केबल. आणि सेल्फ मस्त गरागरा फिरतोय, फक्त इंजिन पेट घेत नाही, तर हा सेल्फचा प्रॉब्लेमच नाही, तो पेट्रोलचा.

तो शेवटचा प्रकार इथेच संपवतो कारण लोक दोन्ही गोष्टींची खिचडी करतात. गाडी बंद केली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल खालच्या उष्णतेने उकळतं, इनटेकमध्ये सांडतं आणि इंजिन फ्लड होतं. अशा वेळी ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण खाली दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा, हवा आत गेली की खोकत खोकत चालू होईल. १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल लवकर उकळतं, आणि इकडे उन्हाळी, म्हणजे कमी उकळणारं पेट्रोल पंपांवर जूनपासून सक्तीचं असतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या गरम दिवशी टाकीत हिवाळी पेट्रोल असेल तर त्रास उलट जास्त. कार्ब्युरेटरखाली अर्धा किंवा एक इंचाचा फेनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) टाका (पण बॉनेट बसतंय का ते आधी बघा), पेट्रोलची नळी हेडरपासून लांब घ्या, फ्लोट लेव्हल तपासा. एवढ्यात बहुतेक वेळा भागतं.

आता ‘टक्’कडे वळू.

हे होतं कशामुळे

बिडाचा मॅनिफोल्ड जाडजूड असतो. हेडरची नळी पत्र्याची, १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, उष्णता सरळ बाहेर फेकते, आणि शेव्हीच्या व्ही-८ मध्ये सेल्फ उजव्या बाजूला खाली, बरोब्बर त्या नळ्यांच्या कुशीत. सोलेनॉइड सेल्फच्याच डोक्यावर बसलेला. गाडी चालू असताना थोडी हवा तरी लागते, बंद केली की हवाही बंद आणि पाण्याचा पंपही बंद, त्यामुळे पुढची पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान वाढतच राहतं. म्हणून दोन मिनिटांत चावी मारली तर चालू होते आणि चहा पिऊन आलं की होत नाही.

तांबं गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्री सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के. २५ डिग्रीची कॉइल १५० ला गेली की रेझिस्टन्स जवळपास दीडपट, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला करंट एक तृतीयांशाने कमी. सोलेनॉइडची ओढ करंटवर. त्यात पन्नास वर्षांची वायरिंग वाटेत दोन-तीन व्होल्ट खाऊन बसलेली. थंडीत हे खपून जातं, गरमीत खपत नाही. तर उष्णता हे निमित्त, चोरी वायरीत होते. कारखान्यातून गाडी आली तेव्हा वायरही नवी होती आणि मॅनिफोल्डही बिडाचे, त्यामुळे तेव्हाच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही.

फुकटातल्या तपासण्या

आतला छोटा दिवा लावा आणि चावी फिरवा. दिवा जवळपास विझला तर बॅटरी अशक्त आहे, किंवा टर्मिनल खराब आहे, किंवा सेल्फ भरमसाट करंट ओढतोय. दिवा तसाच ठणठणीत राहिला आणि नुसतं ‘टक्’ झालं तर करंट मोटरपर्यंत गेलेलाच नाही. माझ्या गाडीत दिवा हललासुद्धा नाही, आणि तरी मी बॅटरी बदलली होती. असो.

मग टर्मिनल. क्लॅम्प काढा, ब्रशने चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा. नुसता हाताने हलवून ‘घट्ट आहे’ म्हणू नका, एका शेव्ही नोव्हामध्ये क्लॅम्प हलत नव्हता पण आत काळ्या थराचा कागद बसला होता जणू. बॅटरी रात्रभर उभी ठेवल्यावर १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुकानात नेऊन लोड टेस्ट करून घ्या, इकडे बऱ्याच स्पेअर पार्टच्या दुकानात फुकट करतात.

आता टायमिंगची फुकट टेस्ट. गाडी गरम असताना इग्निशन कॉइलची (ठिणगीवाल्या कॉइलची) प्लस वायर काढा आणि सेल्फ मारा. आता इंजिन सुसाट फिरलं आणि वायर लावल्यावर परत अडखळलं, तर सेल्फ निर्दोष आहे, ठिणगी लवकर पडतेय आणि पिस्टन वर यायच्या आधीच त्याला खाली ढकलतेय. हेडर, मोठा कॅम वगैरे केलेल्या गाड्यांत लोक इनिशियल (म्हणजे इंजिन हळू फिरतानाचं) टायमिंग १८-२० डिग्रीपर्यंत नेऊन ठेवतात. ते १२ च्या आसपास आणून बघा. फक्त लक्षात ठेवा, इनिशियल कमी केलं की टोटलही (जोरात फिरतानाचं) तेवढंच कमी होतं, ३५० सारख्या स्मॉल ब्लॉक इंजिनाला टोटल ३४-३६ लागतं, तर ते डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा-वजनांतून जुळवून घ्यावं लागतं. ते जमत नसेल तर टायमिंगवाल्याकडेच न्या.

अर्थिंग

जुन्या गाडीचं अर्ध दुखणं अर्थमध्ये असतं. सेल्फला जेवढा करंट प्लसकडून येतो तेवढाच इंजिन ब्लॉकमधून मायनसला परत जायला हवा. रिस्टोरेशन केलेल्या गाडीत ब्लॉकला छान केशरी रंग, चेसिसला पावडर कोटिंग, आणि अर्थची केबल त्या रंगावरच बोल्ट केलेली! रंग खरवडून पांढरं लोखंड दिसू द्या. मायनसची जाड केबल थेट ब्लॉकवर घ्या, जमल्यास सेल्फच्या जवळ, आणि ब्लॉक ते बॉडी वेगळी पट्टी द्या. खर्च दहा-पंधरा डॉलर.

आता मीटर काढा

इथे बहुतेक लोक कंटाळतात आणि नवा सेल्फ मागवतात. कंटाळू नका, वीस डॉलरचं मल्टीमीटर पुरतं. पण मोजायचं ते गाडी *बिघडलेली असताना*, थंड गाडीवर मोजलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

अडचण अशी की तेव्हा हेडर लालबुंद नसले तरी कातडी सोलेल एवढे तापलेले असतात आणि त्यांच्यामागे प्रोब घालायचा म्हणजे हात भाजलाच. मी केलं ते सांगतो. गाडी थंड असताना, बॅटरीची मायनस काढून, रॅम्पवर चढवून (जॅकवर नाही, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नाही), सोलेनॉइडच्या एस टर्मिनलला (चावीकडून करंट येतो तो) एक बारीक वायर लावली, तिच्यात लगेच एक अँपिअरचा फ्यूज, सेल्फच्या बॉडीला दुसरी वायर. दोन्ही हेडरपासून लांब, फ्रेमला बांधत बांधत वर आणल्या आणि खिडकीतून आत घेऊन मीटर बाजूच्या सीटवर ठेवला. मग मायनस जोडली आणि आठवडाभर तशीच चालवली. मुलगा म्हणाला, बाबा, गाडीला सलाईन लावलंय का.

थंडीत सेल्फ मारताना एसवर ९.८ दिसायचे. मग एका शनिवारी दुपारी पेट्रोल पंपावर ‘टक्’ झालं तेव्हा मीटर बघितला: ७.१. त्याच वेळी बॅटरीवर ११ च्या वर. म्हणजे चार व्होल्ट वाटेतच गडप. तीन सेल्फचे पैसे डोळ्यांसमोरून गेले.

ही एसची वायर जांभळी असते. बॅटरीपासून निघालेला करंट फायरवॉलच्या कनेक्टरमधून आत, स्टिअरिंग कॉलमवरच्या इग्निशन स्विचला, तिथून न्यूट्रल सेफ्टी स्विच (गिअरमध्ये असताना सेल्फ मारू न देणारा), मग परत फायरवॉलमधून बाहेर आणि मग हेडरच्या बाजूने खाली सोलेनॉइडला. एवढा प्रदक्षिणा मार्ग, प्रत्येक जोडणीत पन्नास वर्षांचा गंज, आणि सोलेनॉइडला पहिल्या क्षणी ओढायला काही डझन अँपिअर लागतात. एक-एक पिन थोडं थोडं खाते.

बाकी दोन आकडे: बॅटरीच्या प्लस पोस्टवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर) एक प्रोब आणि सोलेनॉइडच्या जाड केबलच्या बोल्टवर दुसरा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा तिची टोकं बाद. मायनस पोस्ट ते सेल्फची बॉडी ०.२ च्या आसपास ठीक, जास्त असेल तर वरचं अर्थिंग परत करा. केबल वरून जाड दिसते म्हणून फसू नका, स्वस्तातल्या केबलला रबरच जाड असतं, आत ४ गेजचं तांबं (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). मी २ गेज वापरतो. बॅटरी डिकीत हलवली असेल तर १/० च्या खाली विचार करू नका.

रिले

एसवर कमी व्होल्ट आणि बाकी सगळं ठीक असेल तर उपाय पंधरा-वीस डॉलरचा. चाळीस अँपिअरचा साधा चार पायांचा रिले घ्या (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, पायांवर नंबर असतात). ३० नंबरला बॅटरीकडून १० गेजची वायर, बॅटरीजवळच फ्यूज. ८७ वरून १० गेज थेट एस टर्मिनलला. सोलेनॉइडकडे जाणारी जुनी जांभळी वायर काढून ८६ ला. ८५ अर्थ. झालं. आता जांभळ्या वायरीला फक्त रिले ओढायचाय, त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे ती कितीही म्हातारी असली तरी चालते, आणि न्यूट्रल सेफ्टीही शाबूत राहते. रिले फेंडरच्या आतल्या बाजूला वर लावा. एकाने सोयीचं म्हणून हेडरपासून वीतभर अंतरावर लावला होता, महिन्यात प्लास्टिक वितळलं.

जुने लोक फोर्डचा सोलेनॉइड फेंडरवर लावायला सांगतात आणि खाली सेल्फवर जाड बोल्ट आणि एस एकमेकांना जोडून टाकतात. ते चालतं, पण चावी सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते आणि सोलेनॉइडला क्षणभर धरून ठेवते, मग पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) उशिरा सुटतो आणि ‘घर्रर्र’ ऐकू येतं. मला रिले बरा वाटतो. (ज्यांच्याकडे फोर्डच आहे त्यांचा सोलेनॉइड आधीपासूनच फेंडरवर आहे, त्यांनी केबल आणि अर्थवर जोर द्यावा. मोपारवाल्यांचा, म्हणजे क्रायस्लर-डॉजवाल्यांचा, रिलेही वर आहे, तेही तसंच.)

माझ्या मालिबूचं दुखणं इथे संपलं. मग मित्राच्या कॅमॅरोलाही आणि एका सी-१० पिकअपलाही हेच केलं, कॅमॅरो सुधारली, पिकअप नाही. पिकअपची गोष्ट पुढे.

उष्णता कमी करणं

रिले लावूनही कधीमधी ‘टक्’ होत असेल तर आधी हेडरचे बोल्ट बघा, ते ढिले होतातच. गॅस्केटमधून गळणारा गरम झोत सरळ सेल्फवर येत असेल तर काय होणार? थंड इंजिन चालू करताना ‘टिक टिक टिक’ ऐकू येतं आणि गळतीच्या जागी काजळी दिसते. घट्ट करा, शंभर-दोनशे मैलांनी परत करा.

मग सेल्फला उष्णतारोधक जाकीट किंवा पत्र्याची ढाल. पत्र्याची असेल तर ती सेल्फला चिकटू देऊ नका, मधे बोटभर हवा हवी, आणि कुठल्याही टर्मिनलला शिवता कामा नये. हेडरला पट्ट्या गुंडाळायचा सल्ला खूप मिळेल. मी गुंडाळत नाही, पट्टी ओल धरून ठेवते आणि पातळ नळी पट्टीखाली सडते. पैसे असतील तर सिरॅमिक कोटिंग करा.

आणि कृपा करून तापलेल्या सेल्फवर बाटलीतलं पाणी ओतू नका, शेजारी चालू टर्मिनल आणि तापलेला पत्रा आहे, इडलीपात्र नाही ते.

आता सेल्फ

पिकअपमध्ये एसवर दहा व्होल्ट, केबल झकास, तरी ‘टक्’. मग उतरवला. आत सोलेनॉइडची तांब्याची चकती एका बाजूने जळून खड्डा पडलेला, आणि पुढचं बुशिंग एवढं झिजलेलं की आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) आत घासत होतं, चकचकीत पट्टा दिसत होता. थंडीत घासून का होईना फिरायचं, गरम झालं की अडकायचं. *असा* सेल्फ मात्र बदलावाच लागतो.

बदलताना रिडक्शन गिअरचा छोटा सेल्फ घ्या. आकाराने लहान म्हणून हेडरपासून लांब राहतो, करंट कमी ओढतो. फक्त फ्लायव्हीलचे दात मोजा: शेव्हीत १५३ किंवा १६८, पहिल्याला दोन्ही बोल्ट सरळ रेषेत, दुसऱ्याला तिरके. बोल्टही सेल्फचेच खास घ्या, त्यांच्या मानेला खाचा असतात आणि त्यामुळे सेल्फ जागेवर बसतो, हार्डवेअरच्या दुकानातला तेवढ्याच मापाचा बोल्ट चालत नाही. पिनियन आणि रिंग गिअरमध्ये (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातांमध्ये) साध्या पेपरक्लिपच्या तारेएवढी फट पाहिजे, कमी-जास्त असेल तर शिम (पातळ पत्र्याची चकती) टाका. जुनाच मोठा सेल्फ ठेवणार असाल तर मागच्या टोकाचा ब्रॅकेट विसरू नका, हेडर बसवताना मधे येतो म्हणून लोक काढून टाकतात आणि मग सगळं वजन दोन बोल्टवर येऊन ब्लॉकचा कान तडकतो.

लांब हेडरमध्ये सेल्फ बाहेर काढायलाच कधीकधी हेडर सैल करावा लागतो. अर्धा दिवस धरून चाला.

इथे थांबा

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे एक-दोन मिनिटं सोडा.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलेत, बॅटरीची मायनस काढा आणि त्या दिवशी परत जोडू नका. जाड केबल हेडरला टेकून रबर वितळलेलं दिसलं तर तिथेच थांबा, त्या केबलला फ्यूज नसतो, शॉर्ट झाली तर पेटते. पेट्रोल ठिबकतंय किंवा वास येतोय तर चावीला हातच लावू नका. या तिन्ही वेळी टो ट्रक बोलवायचा, ‘घर जवळच आहे’ हा विचार करायचा नाही.

इंजिन फिरता फिरता भिंतीवर आपटल्यासारखं ठप्प झालं, आणि हल्ली पाणीही कमी होत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. सगळे स्पार्क प्लग काढून क्रँकच्या बोल्टला मोठा पाना लावून हाताने फिरवून बघा, फिरलं नाही किंवा एखाद्या भोकातून पाणी उडालं तर हे गॅरेजचं काम. रिंग गिअरचे दात गेलेत, ब्लॉकमधल्या बोल्टच्या आट्या गेल्यात, कान तडकलाय, हेही घरी करायचं नाही.

मेकॅनिककडे न्याल तेव्हा फोन करून विचारा की गाडी गरम असताना तपासणार का. रात्रभर उभी ठेवून सकाळी बघणाऱ्याला ती चालूच सापडणार, माझ्या बाबतीत दोनदा तेच झालं आणि दोन्हीदा बिल आलं. आकडे कागदावर लिहून न्या: बॅटरीवर किती, एसवर किती, अर्थला किती, थंड आणि गरम दोन्ही. माझा तो कागद अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, एक जादा रिले आणि गेल्या गणपतीतल्या आरतीच्या पुस्तकाबरोबर.